शेवट सोडून

अठ्ठावीस दिवस झाले, रोज चार खेळ,
आणि मी अजून शेवट बघितलो नाही.
डोअरकीपरचं असंच असतंय.
लोखंडी हाताचा गडी भिंत चढायला लागला
की मी उठायचं:
डाव्या दाराची कडी, उजव्या दाराची कडी,
जिन्याखालचं शटर, स्टँडवरच्या पोराला हाक.
पडद्यावर काय होतंय ते
पाठीला ऐकू येतंय फक्त.

म्हणून बाहेर पडणाऱ्यांना विचारतो.

"नाद खुळा, मामा!"
हे सगळ्यांचं पहिलं वाक्य.
दुसऱ्या वाक्यापासून भांडण.

दस्तगीर मुजावर, उद्यमनगरात लेथवर असतो,
म्हणाला, पिक्चर एक नंबर, पण
त्या हाताचे आटे डावे होते
आणि गडी उजवीकडं पिळून घट्ट करत होता.
एवढं दोनशे वर्षांपुढचं शहर उभं केलं,
एक टर्नर विचारायला मिळाला नाही?
तरी तीनदा आला.
तिसऱ्यांदा बायकोला घेऊन, आटे दाखवायला.

तालमीतल्या हिंदुराव पोवारला बाकी काही आठवत नाही,
यंत्रमाणसाला ढाक मारली तेवढंच.
"आईशप्पत, ढाक! आपली!"
कशी मारली ते त्यानं
वॉटर कूलरवर करून दाखवलं.
कूलर अजून वाकडा उभा आहे.

कुंभोजे बाई, रिटायर्ड, बाल्कनी,
दिवस मावळायच्या आत डबा खाऊन सहाच्या खेळाला बसलेल्या.
त्यांचा प्रश्न वेगळा.
ऊन कार्डावर मिळतंय, सूर्य कंपनीच्या ताब्यात,
मग मावळला हे सांगणार कोण?
आणि त्या बिचाऱ्यांनी जेवायचं कधी?
जिन्यात थांबून खरंच विचार करत होत्या.
मग म्हणाल्या, छान आहे हो, फार छान,
उद्या बहिणीला आणते.

खालचं शहर बुडतं तिथं सगळं थेटर शिट्ट्या मारतंय.
सुतारमळ्यातली चार माणसं
तेवढी गप्प बसली होती.
त्यातला एक तंबाखू मळत म्हणाला,
पाणी असं गर्जत येत नाही.
आधी मोरीतनं येतंय. गुपचूप.
बाकी पिक्चर लई भारी.

आणि शेवट?
गडी मेला, म्हणाला एक रिक्षावाला
(तो मध्यंतरानंतर झोपला होता).
मेला नाही, कॉमर्सच्या पोरी ओरडल्या,
पापणी हलली, आम्ही तिघींनी बघितली.
शिरोळचा आदगोंडा नऊ वेळा बघून गेला, तो म्हणतो
गड्याचं सोडा, भोंग्याची तार त्या बारक्या पोरीनं तोडली,
खरा पिक्चर तिचा आहे.
हे सगळे शेवट मी खिशात ठेवलो,
तिकिटांच्या अर्ध्या तुकड्यांबरोबर.

गुरुवारी उतरणार होता पिक्चर.
शेवटचा खेळ, माणसं अकरा.
मॅनेजर म्हणाले, तुकामामा, आज बसा. कडी मी काढतो.

बसलो.
खुर्ची कुठं टोचती ते अठरा वर्षांत पहिल्यांदा कळलं.

त्या शहरात भोंगा वाजला की सगळी उभी राहतात.
कुणी सांगत नाही, पट्टा नाही, बंदूक नाही,
पायच उठतात.
इतके दिवस मी त्यांना हसत होतो.
गड्यानं भिंतीला लोखंडी हात लावला,
तो ढोल वाजला,
पडद्यावर लाखभर माणसं उभी राहिली
आणि अकरा माणसांच्या अंधारात
मीही.

हात कडी शोधत होता हवेत.
मागनं मॅनेजर म्हणाले, अहो बसा की!
मी हसलो. लई हसलो. डोळ्यांत पाणी येईपर्यंत.
बसणार होतो,
पण तोवर पाय दारापर्यंत गेले होते
आणि कडी निघाली होती.

बाहेर भेळेच्या गाड्यावर दस्तगीर उभा,
हातात कागद, तोंडात कांदा.
"काय मामा, बघितला एकदाचा? कसा होता शेवट?"

मी म्हटलो, जगात भारी.
आटे तेवढे डावे होते.